नववा गोळा

'सूर्यमालेची प्रतिकृती. मुलांनी स्वतः करावी, पालकांनी फक्त मदत करावी.' वहीतली ही सूचना वाचली की माझ्या अंगात अवकाशशास्त्रज्ञ संचारतो. आम्ही पालक खरोखर फक्त मदतच करतो. थर्मोकोल कापतो, रंगवतो, चिकटवतो. बाकी सगळं मूल करतं, म्हणजे सेलोटेपचं टोक धरून उभं राहतं.

पहिली दुर्बुद्धी प्रमाणाची. पृथ्वी 1 सेंटिमीटरची धरली तर गुरू 11 सेंटिमीटरचा होतो, इथवर जमतं. मग सूर्य 109 सेंटिमीटरचा निघतो, म्हणजे ज्याचा प्रकल्प आहे जवळजवळ त्याच्याच उंचीचा. आणि नेपच्यून ठेवायला साडेतीन किलोमीटर चालत जावं लागतं. कॅल्क्युलेटर इथेच बंद करावा आणि नजरेला बरे दिसतील ते गोळे घ्यावेत.

दुसरी दुर्बुद्धी स्प्रे पेंटची; ती रात्री अकरानंतर सुचते. त्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल विरघळवतं. मंगळावर खड्डे पडू लागले की आधी आनंद होतो, हुबेहूब जमलं म्हणून. थोड्या वेळाने मंगळच उरत नाही. नुसता पोस्टर कलर लावावा, तर तो गुळगुळीत गोळ्यावर थेंब थेंब होऊन सरकतो. त्यासाठी फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून टिश्यू पेपरचे तुकडे गोळ्यावर चिकटवायचे, रात्रभर वाळू द्यायचे आणि मग रंगवायचं. आता, रात्रभर वाळवायला मुळात रात्र शिल्लक हवी. प्रकल्प उद्या द्यायचाय हे आपल्याला आजच कळलेलं असतं. मग हेअर ड्रायर बाहेर येतो, फेव्हिकॉल वरून सुकतो, आतून ओलाच राहतो, आणि शुक्राची साल निघते.

ग्लू गनचा गरम गोंदही थर्मोकोलला भोक पाडून आत उतरतो. त्यापेक्षा टूथपिक खुपसा. शनीच्या कड्यासाठी जुनी सीडी झकास, फक्त तिचं भोक जेमतेम दीड सेंटिमीटरचं असतं. गोळा अर्धा कापून दोन्ही बाजूंनी चिकटवावा लागतो, आणि तोही नव्या ब्लेडने. बोथट ब्लेड थर्मोकोलचे दाणे उपटतं आणि घरभर बर्फ पडतो.

खरी कसोटी पुढेच. हे सगळं मुलानेच केलंय असं दिसायला हवं. म्हणून आम्ही ग्रहांची नावं डाव्या हाताने लिहितो. पण मोठ्यांचा डावा हात नुसता थरथरतो. मूल थरथरत नाही, ते ठामपणे चुकतं. 'नेपच्यू' ऐसपैस लिहून होतं, जागा संपते, आणि 'न' पट्टीच्या काठावरून खाली लोंबतो. ते अभिनयाने येत नाही.

शेवटी गोळे मोजा. प्लूटो 2006 सालीच ग्रहांच्या यादीतून बाद झाला, पण ज्यांनी ग्रह त्याआधी पाठ केलेत त्यांच्या हातून नववा गोळा रंगतोच. अख्ख्या प्रकल्पात मूल तोंड उघडतं ते इथे. "बाबा, आठच असतात." गोळा उपटावा लागतो. खाली राहिलेल्या भोकावर एक चांदणी चिकटवावी.

प्लूटो मग मुलाला मिळतो. ते त्याच्यावर मिशी रंगवतं, थेट पोस्टर कलरने. मिशी सरकत हनुवटीवर येते. मूल म्हणतं, दाढी झाली.