'अस्थिप्रेमी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'अस्थिप्रेमी' साहेब (खरं नाव लिहिलं असतंत तर त्याच नावाने हाक मारली असती), टाचेच्या एक्स-रेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे सुनावलंत त्याचं सार असं: लॅटरल फिल्मवर (बाजूने काढलेल्या एक्स-रेवर) इंग्रजी 'सी' अक्षरासारखी रेघ दिसली म्हणजे टेलस (टाचेच्या वर बसणारं घोट्याचं हाड) आणि टाचेचं हाड एकमेकांना चिकटून जुळलेलंच असतं असं नाही, सपाट पायातही हा 'सी' दिसतो, सीटी स्कॅन करायला हवा. माझी आकृती धूसर आहे. आणि शेवटी, "एक्स-रे काढणाऱ्यांनी एक्स-रे काढावेत, वाचायचं काम शिकलेल्यांवर सोडावं."

आकृतीचं मान्य. मोबाइलवरच काढली होती, बदलतो.

पण ते शेवटचं वाक्य? 'शिकलेल्यांवर' म्हणजे काय हो? आम्ही काय रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं आहोत?

सस्टेन्टॅक्युलम टॅलाय फिल्मवर नीट येणार की नाही, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या खुर्चीत ठरत नाही, आमच्या टेबलावर ठरतं. टाचेच्या हाडाच्या आतल्या अंगाला, भिंतीतून बाहेर काढलेल्या फळीसारखा हा भाग असतो. त्याच्यावर टेलस टेकतो, खालच्या खोबणीतून पायाचा अंगठा दुमडणारा कंडरा जातो. आतल्या घोट्याच्या टोकाखाली साधारण दोन सेंटिमीटरवर दाबून बघा, कडा बोटाला लागेल. पेशंट कुशीवर, घोट्याची बाहेरची बाजू कॅसेटला (फिल्म ठेवायच्या चपट्या डबीला), पंजा नडगीशी काटकोनात, गुडघ्याखाली आधार. एवढं करूनही दुखरा पाय जरासा फिरला, की टेलसच्या घुमटाच्या दोन कडा एकमेकींवर बसत नाहीत आणि सस्टेन्टॅक्युलमची खालची रेघ भलतीकडेच सरकते. मग तुमचे शिकलेले लोक वाचणार काय? कपाळ?

मी ओल्या फिल्मच्या काळातला माणूस. डार्करूममध्ये हायपोच्या (फिल्म पक्की करणाऱ्या रसायनाच्या) वासात उभं राहून हँगरला टांगलेल्या फिल्मा उजेडाला धरून बघत हा धंदा शिकलो. आमच्याकडे खो-खो खेळणारी एक मुलगी यायची. घोटा सारखा मुरगळायचा, प्रत्येक वेळी 'नॉर्मल' असा रिपोर्ट आणि क्रेप बँडेज. तिच्या लॅटरलवर टेलसच्या घुमटापासून निघून सस्टेन्टॅक्युलमच्या खालून वळणारी सलग रेघ, म्हणजे तोच 'सी', मला दिसली. डॉक्टरांना दाखवली, त्यांना विचारून हॅरिस व्ह्यू, म्हणजे टाचेचा मागून तिरका एक्स-रे, घेतला. तिला पायाखाली कॅसेट देऊन गुडघे वाकवून उभं केलं, ट्यूब मागून ४५ अंशांत. सस्टेन्टॅक्युलम आणि टेलस यांच्यातला मधला सांधा तिरका आणि अस्पष्ट. पुढे शहरात सीटी झाला, त्यात नेमक्या त्याच जागी हाडं जुळलेली निघाली. त्या डॉक्टरांनी माझी डिग्री विचारली नव्हती. ते सभ्य होते.

राहिला सपाट पायाचा मुद्दा. 'सी'ची खूण १९९४ साली 'रेडिओलॉजी' मासिकात आली आणि सपाट पायाची हरकत २००१ मध्ये छापून आली, हे मलाही ठाऊक आहे, उगाच शोध लावल्याचा आव नको. लेखात मी 'शंका घ्यावी' असं लिहिलंय, 'निदान करावं' असं नाही. सीटी हवा हे तर कुणीही सांगेल. तालुक्याच्या गावी तो कुठे करायचा, तेही सांगा की.

आणि गंमत म्हणजे, उंचावरून पडून टाच फुटते तेव्हा सस्टेन्टॅक्युलमचा तुकडा बहुधा लिगामेंटांमुळे टेलसलाच धरून राहतो आणि सर्जन बाकीचे तुकडे त्याच्याशी जुळवत जातात, हा लेखातला सगळ्यात कामाचा भाग. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तिथपर्यंत वाचलंत तरी का, हाच प्रश्न आहे.

चुका जरूर दाखवा, खुशाल दाखवा. पण 'काढणारे' आणि 'शिकलेले' ही वाटणी माझ्या ब्लॉगवर चालणार नाही. पुन्हा त्या सुरात लिहिलंत तर प्रतिक्रिया उडवेन, मग सेन्सॉरशिप म्हणून बोंब मारू नका.