ब्रोकरेज नक्की कशाचं देतो आपण?

आत्ता एका ब्रोकरचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघितलं आणि डोकंच सटकलं. घोडबंदर रोडला टू बीएचके, सेमी फर्निश्ड, आणि खाली 'ओन्ली व्हेज फॅमिली, नो बॅचलर, नो एम'. नो एम, म्हणजे मुस्लिम नको!! पूर्ण शब्द लिहायची लाज वाटते, पण टाकायची नाही.

हा तोच माणूस ज्याने आमच्या ऑफिसमधल्या लातूरच्या पोराला घर दाखवलं, टोकन घेतलं आणि आधार कार्डावरचं नाव बघून संध्याकाळी टोकन परत जीपे केलं. सोबत मेसेज, 'ओनर का मूड चेंज हो गया'. (मराठी माणूस मराठी पोराला हिंदीत सांगतोय, ते अजून वेगळंच.) मी फोन केला, म्हटलं दादा, ही तक्रारच समजा, नाही कोण म्हणालं, मालक की सोसायटी? तर म्हणे मॅडम सोसायटीचा रूल आहे. म्हटलं लेखी आणून द्या. "लेखी कोण देतं ओ" आणि फोन कट.

अरे पण तेवढंच तर तुझं काम आहे! तक्रार आली की मालकाकडे, सेक्रेटरीकडे जायचं आणि नकार कारणासकट लेखी मागायचा. निम्मे तिथेच गार पडतील, धर्म बघून नाही म्हटलं असं सही करून कोण देणारे? आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांचे नमुना नियम) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, फक्त आधी कळवायचं असतं. हे ब्रोकरला माहीत नसतं होय?

बरं, घर मालकाचं, कबूल. २००५ ला सुप्रीम कोर्टाने 'फक्त पारशीच सभासद' म्हणणाऱ्या अहमदाबादच्या पारशी सोसायटीची बाजू उचलून धरली, तेही कबूल. पण तिथे उपविधीत तसं लिहिलेलं तरी होतं, इथे नुसती कुजबुज.

२०२३ ला महारेराने (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) एजंटांना ट्रेनिंग, परीक्षा सगळं आणलं, पण भाड्याचे व्यवहार त्यात येतच नाहीत, मग पोराने जायचं कुठे? त्याच वर्षी मुलुंडला मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा आपण सगळ्यांनी केवढं रान उठवलं, बरोबरच केलं, पण या पोराचं सांगितलं तर 'अगं असं चालतंच'.

त्या ब्रोकरची कीवपण येते खरं तर. महिन्याच्या भाड्याएवढ्या ब्रोकरेजवर घर चालतं, एक मालक दुखावला की त्याच्या ओळखीतले बाकीचेपण जातात. आणि स्वतः सुकट-बोंबील खाणारा, त्या टू बीएचकेत त्यालाही कुणी घेणार नाही. हे माहितीये त्याला, म्हणून तर जास्त चीड येते.

पोरगा सध्या मुंब्र्याला मित्राच्या खोलीत तिघांत चौथा राहतोय. ठाण्यात कुणाचा वन बीएचके रिकामा असेल तर इनबॉक्स करा, सोसायटीवाल्यांशी मी बोलते.