सोशल मीडियावर पीएच.डी. करायची? मग गावात कायले येता!

कापूस वेचणीच्या भर हंगामात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत एका पीएच.डी.च्या सर्वेक्षणाची लिंक येऊन पडली. 'समाजमाध्यमांचा ग्रामीण विदर्भातील शेतकऱ्यांच्या संवादवर्तनावरील प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास'. प्रश्न साठेक, सगळे इंग्रजीत, आणि खाली विनंती, 'आज रात्रीपर्यंत भरावे'. अशा होतकरू संशोधकांचे हाल बघवत नाहीत, म्हणून हे चार शब्द.

नमुना, म्हणजे किती माणसांना विचारलं तो आकडा, 384 लिहा. क्रेसी आणि मॉर्गन यांनी 1970 मध्ये नमुना किती घ्यावा याचा तक्ता छापला, तेव्हापासून जिल्हा कोणताही असो, माणसं 384च. तो आकडा 95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के चूक आणि यादीतून चिठ्ठ्या काढून निवडलेली माणसं, एवढ्या अटींवर उभा आहे. पण यादी करत कोण बसतो? लिंक फिरेल तिकडे फिरू द्या, सापडेल तो शेतकरी.

फॉर्म भरायला बी.ए.ची पोरं लावा, एकेकाला दहा. इंटर्नलचे मार्क तुमच्याच हातात आहेत. पोरं पानठेल्यावर बसून एका काकाला वरपासून खालपर्यंत 'पूर्ण सहमत' करतील, दुसऱ्याला वरपासून खालपर्यंत 'असहमत'. घाबरू नका. अशा सरळ रेघांनी क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, 0.9 च्याही वर जातो, गाइडला तर 0.7 वरच समाधान असतं. फक्त उलट अर्थाचा एकही प्रश्न ठेवू नका, तिथं पितळ उघडं पडतं.

ईमेल आयडी सक्तीचा करा. एका फोनवर चार माणसं चालणाऱ्या घरातल्या बाया तिथंच गळतात, तेवढंच काम कमी.

मेसेजवर 'फॉरवर्डेड' हा शिक्का 2018 पासून येतो. तरी ते मत पाठवणाऱ्याचंच धरा.

ग्रुपवर कोण गप्प आहे, हे तर बिलकूल बघू नका. सोयाबीन उगवलं नाही हे अर्ध्या गावाला माहीत असतं, पण ग्रुपवर कोणी लिहीत नाही. कारण त्याच ग्रुपात कृषी केंद्रवाला आहे आणि त्याची उधारी दिवाळीपर्यंत थांबलेली आहे. सरपंच आहे, सोसायटीचा सचिव आहे, जावई आहे. सगळे श्रोते एकाच ओसरीत कोंबले की माणूस काय बोलतो आणि काय गिळतो, यावर मार्विक आणि बॉइड या संशोधकांनी 2011 मध्ये ट्विटरच्या निमित्तानं लिहून ठेवलं आहे. संदर्भसूचीत ते नाव घाला. वाचायची गरज नाही.

आता भावना-विश्लेषण, म्हणजे लिहिणारा खूश की नाराज हे मशीननं ठरवायचं. हे पाहिजेच, त्याशिवाय प्रबंध आधुनिक दिसत नाही. पोस्ट मशीनकडून इंग्रजीत करून घ्या आणि व्हेडरमध्ये ओता. ते साधन 2014 चं, इंग्रजी पोस्टांसाठी केलेलं. शब्दाशब्दाला गुण देतं आणि शेवटी उणे 1 ते अधिक 1 मध्ये निकाल. म्हणजे कोणी लिहिलं, 'वा रे भाऊ, लय भाव देल्ला कापसाले, आता दोन मजली बंगला बांधतो अन् तुमाले जेवाले बोलावतो', की मशीन म्हणणार, शेतकरी आनंदी. झालं प्रकरण पाच! मराठीतलं काही हवं असेल तर 2021 चा महासेंट संच आहे, भावनेची खूण लावलेल्या सुमारे 16 हजार ट्विटांचा; पण तीही महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरची. त्यांच्या मराठीवर शिकलेलं मशीन वऱ्हाडी टोमणा कसा ओळखेल? नुसता जोडलेल्या हातांचा इमोजी घ्या. मयतीच्या बातमीखाली तोच, आमदाराच्या वाढदिवसाच्या बॅनरखाली तोच, 'उद्या लाइन नाही' या निरोपाखालीही तोच. तिन्ही ठिकाणी तुमच्या तक्त्यात 'आदर'. आणि म्हणे पोस्टांना अशा खुणा लावायला दोन कोडर लावले, दोघांचं एकमत मोजणारा क्रिपेनडॉर्फचा अल्फा 0.8 च्या वर आला. येणारच ना! दोघेही एकाच होस्टेलचे, दोघांनाही वऱ्हाडी येत नाही. दोघं मिळून एकसारखं चुकले. एकमत झालं म्हणजे बरोबर झालं, हे कोणत्या पद्धतिशास्त्रात लिहिलं आहे? एक वऱ्हाडी बोलणारा कोडर घेतला असता तर प्रबंध बाटला असता का?

संमतीचं तर विचारूच नका. 2012 मध्ये फेसबुकनं 6,89,003 लोकांची फीड त्यांना न विचारता बदलून बघितली, त्यावरचा निबंध 2014 मध्ये छापणाऱ्या नियतकालिकाला नंतर चिंता व्यक्त करणारं निवेदन काढावं लागलं. आपल्याकडे निवेदन कोण काढतो? ग्रुपात लिंक टाकायच्या निमित्तानं शिरायचं, मग बाहेर पडायचंच नाही, गुपचूप स्क्रीनशॉट काढत राहायचं. नवरा गेलेल्या बाईनं फेसबुकवर कर्जाबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या उचलून परिशिष्टात चिकटवायच्या. नावावर काळी पट्टी, मजकूर मात्र शब्द न् शब्द तसाच. तो मजकूर शोधपेटीत टाकला तर बाई सापडते, हे सोशल मीडियावर डॉक्टरेट करणाऱ्या माणसाला कळत नाही?

लाज वाटू द्या थोडी. माणसं काय बोलतात यावर डिग्री मिळवता आणि एकाही माणसाशी बोलत नाही. फॉर्म मराठीत काढा, दहा प्रश्नांचा. आधी पाच-सात जणांसमोर बसून वाचून दाखवा, कोणता प्रश्न कोणाला कळला नाही ते लिहून घ्या. ग्रुपातलं काही घ्यायचं तर आधी तिथंच सांगा, कशासाठी ते, आणि नाही म्हणणाऱ्याचं वगळा. मजकूर आपल्या शब्दांत लिहा. वेचणीत येऊ नका, मार्च-एप्रिलमध्ये या. निष्कर्ष निघाले की एक पानभर मराठीत त्याच ग्रुपवर टाका, लोक सांगतील कुठं चुकलं ते.

आणि त्या बाईचा स्क्रीनशॉट प्रबंधातून काढा. आजच.