दहा किलो बटाटे आणि आठ भोकं

चोर्ला घाटात दरड कोसळल्याचा मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी फोंड्याच्या बाजारातच होतो. गोव्याची भाजी बेळगावहून येते; घाट बंद म्हणजे भाजी बंद. त्यात श्रावण, म्हणजे मासळीही बंद. अशा वेळी जबाबदार कर्त्या पुरुषाने जे करायचं ते मी केलं. दहा किलो बटाटे घेतले. घरी पोचेपर्यंत दुसरा मेसेज आला होता. दरड नव्हती, झाड पडलं होतं, आणि तेही केव्हाच बाजूला केलं होतं.

"तुम्ही आणलेत, तुम्हीच संपवा," बायको म्हणाली.

चार दिवस आम्ही काप, रस्सा, पातळ भाजी, सुकी भाजी असे फिरलो. पाचव्या दिवशी पिशवीतल्या बटाट्यांना डोळे फुटले आणि ते सगळे मिळून माझ्याकडे बघायला लागले. त्या रात्री मोबाइलवर मला बटाटा घातलेले बेगल सापडले.

बेगल म्हणजे मधे भोक असलेला पाव. मूळचा पोलंडमधल्या ज्यूंचा. 1610 सालच्या क्राकूवच्या ज्यू समाजाच्या नियमांत त्याचा उल्लेख आहे, आणि पुढे ती माणसं अमेरिकेला गेली तसा तोही न्यूयॉर्कला गेला. त्याची खासियत अशी की भट्टीत जाण्याआधी तो उकळत्या पाण्यात डुंबतो. त्याने वरचं पीठ शिजून त्याची साल धरते, मग भट्टीत तो वाटेल तसा फुगत नाही आणि चावायला चिवट राहतो. मळताना त्यात उकडलेला बटाटा घातला की बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो, आणि पाव दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. हे सगळं मी बायकोला रात्री साडेअकरा वाजता समजावलं.

"चिवट की मऊ, ते एकदा ठरवा," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आता मी राहतो तो मुलूख असा, की इथे पाव दिवसातून दोनदा आपण होऊन दारात येतो. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो, करंडीवरचं प्लास्टिक उचलतो आणि आतून गरम वाफ येते. उंडे, कातरे, कोंडा लावलेल्या पोळ्या, सगळं हजर. तरीही मी सोमवारी सकाळी नऊ वाजता मैद्याचं पाकीट फोडलं. माणसावर वेळ येते ती अशी.

आई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून बघत होती. तिचं वय चौऱ्याऐंशी. तिच्या लहानपणी पोदेराचा पाव आमच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नसे. पाव खाल्ला की बाटला, हा तेव्हाचा हिशेब. अजूनही सणासुदीला ती पावाला शिवत नाही.

"ह्यात अंडं आहे?"

"नाही. मैदा, बटाटा, यीस्ट, मीठ, साखर."

"बटाटा तर उपासाचा. मग आज मला चालेल?" श्रावणी सोमवार होता.

"बटाटा चालेल, मैदा नाही."

"म्हणजे अर्धा चालेल," आई म्हणाली, आणि हे ती गंभीरपणे म्हणाली की कसं ते मला आजतागायत कळलेलं नाही. खरं तर बटाटा आणला पोर्तुगिजांनी आणि पावही आणला पोर्तुगिजांनी. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचा, पाव हा शब्दसुद्धा त्यांचा. पण एक थेट उपासाच्या पानात जाऊन बसला आणि दुसरा पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर सायकलवर राहिला. बटाट्याचं नशीब बघून मला त्याचा थोडा रागच आला. पिशवीतल्यांचा तर होताच.

प्रमाण सोपं होतं. अर्धा किलो मैद्याला दोनशे ग्रॅम बटाटा. मी बटाटे कुकरला लावले, तीन शिट्ट्या घेतल्या. ते सालीतून फुटले आणि कुकरमधलं निम्मं पाणी पिऊन बसले. ते तसेच कुस्करून मैद्यात घातले आणि शिवाय कृतीत सांगितलेलं पाणीही सगळं ओतलं. पावसाळ्यात गोव्यात मीठसुद्धा बरणीत पाझरतं, तिथे मैदा काय कोरडा राहणार? दोन मिनिटांत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत रुतले.

बेगलला चांगला ताण धरणारं पीठ लागतं. आपला नेहमीचा मैदा मुळात तेवढा जोरकस नाही, त्यात बटाट्याने त्याचा उरलासुरला कणा मोडला. मी हात वर घेतला की पीठही वर येई, खाली नेला की माझ्या आधी खाली जाई. नेमका तेव्हाच फोन वाजला. तो मी नाकाने उचलला. लग्नातली अंगठी बोटात राहिली होती. तिच्या कडेने पीठ आत शिरून सिमेंटसारखं बसलं. ती संध्याकाळी टाचणीने कोरून काढावी लागली. बायको ओट्याशी उभी राहून मूठ मूठ मैदा भुरभुरवत होती आणि प्रत्येक मुठीला "आणखी?" म्हणत होती. अर्ध्या किलोचा पाऊण किलो झाला. ज्या बटाट्यांना संपवायला हा घाट घातला त्यांतले दोनशे ग्रॅम गेले आणि मैद्याचं दुसरं पाकीट फोडावं लागलं, हे तिने तोंडाने म्हटलं नाही. पाकीट मात्र माझ्यासमोर कापलं.

दीड तासात पीठ दुप्पट होईल असं लिहिलं होतं. आमच्याकडच्या उबेत ते पाऊण तासात फडकं उचलून बाहेर बघायला लागलं.

मग भोकं. एक पद्धत अशी की गोळ्यात अंगठा घालून भोक मोठं करत जायचं. दुसरी, लांब वळी करून टोकं जोडायची. मी चार अशी केली, चार तशी. अंगठ्याची भोकं फुगताना बुजून गेली आणि नुसत्या बेंब्या उरल्या. वळ्यांची टोकं पाण्यात पडल्याबरोबर सुटली, आणि माझ्यासमोर पातेल्यात इंग्रजी सी अक्षरं तरंगू लागली. पाण्यात माल्टचा पाक घालतात; माझ्याकडे तो नव्हता, म्हणून माडाचा गूळ घातला. एवढी एक गोष्ट त्या दिवशी बरोबर जमली. रंग सुरेख आला आणि घरभर पातोळ्यांचा वास सुटला. आईने आतून विचारलं, "हळदीची पानं आणलीस?"

एका बाजूने एक मिनिट, दुसऱ्या बाजूने एक मिनिट, मग झाऱ्याने निथळून ट्रेवर. वर तीळ. पहिले चार ओव्हनमध्ये गेले, दोनशे वीस अंशांवर. काचेला नाक लावून मी बघत होतो. फुगत होते, खरंच फुगत होते. अकराव्या मिनिटाला लाईट गेली.

पावसात लाईट जाणं ही आमच्याकडे बातमी नाही. पण अंधाऱ्या ओव्हनमध्ये चार बेगल हळूहळू खाली बसताना बघणं हे काही बरं दृश्य नव्हे. उरलेले चार मी तव्यावर घातले, वर पातेलं उपडं ठेवलं आणि गॅस बारीक केला. आंबोळ्यांना जमतं ते ह्यांना का जमू नये, हा माझा तर्क. एका बाजूने ते जळले, दुसऱ्या बाजूने लाजल्यासारखे पांढरेच राहिले. साडेतीनला लाईट आली आणि मी सगळे आठ पुन्हा ओव्हनमध्ये कोंबून, कडक होईतो भाजले.

सकाळच्या आलसांद्यांच्या तोंडाकात, म्हणजे चवळीच्या रश्श्यात, बुडवून बायकोने एक खाल्ला. बराच वेळ चावत होती. "चिवट," ती शेवटी म्हणाली. ठरवून टाकलं तिने. आईने एक उचलून उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि रात्री उपास सोडल्यावर बघू म्हणाली.

पाच वाजता पों पों ऐकू आलं. मी सवयीने पिशवी घेऊन गेटवर गेलो. दुसऱ्या हातात एक बेगल होता, तो ठेवायचं राहूनच गेलं. पोदेराने तो बघितला.

"हीं कांकणां न्हय, पात्रांव?"

कांकण म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. चहात बुडवून खायचा. त्याच्या करंडीत एका बाजूला त्यांची रासच होती. एकसारखी, गुळगुळीत, प्रत्येकाला नीट भोक.

"बेगल," मी म्हटलं. "घरी केले. बटाटा घालून."

त्याने हातात घेऊन वजन पाहिलं, नखाने वाजवून पाहिलं.

"कितलीं केलीं?"

"आठ."

"केन्ना सावन?"

"सकाळी नवापासून."

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या कोपराला लागून सुकलेल्या पिठाकडे. काही बोलला नाही. रोजचे सहा उंडे पिशवीत घातले, प्लास्टिक पुन्हा उचललं आणि वर चार कांकणं टाकली. मी पैसे पुढे केले तर त्याने उंड्यांचे तेवढे घेतले आणि उरलेले माझ्या हातात परत ठेवले.

"आसूं दी, पात्रांव," म्हणाला, आणि पों पों करत उताराला लागला.