फक्त वयावर नका जाऊ

‘खुब्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत गेलेला ऐंशीच्या पुढचा पेशंट सहसा वाचत नाही’ हे लेखातलं वाक्य घाबरवणारं आहे आणि अर्धवटही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या पेशंटपैकी वर्षभरात साधारण चारांतला एक जातो हे खरं, पण बहुतेकदा न्यूमोनिया किंवा हार्टमुळे. अशा पेशंटचा धोका मोजायच्या नॉटिंगहॅम स्कोअरमध्ये वयाबरोबर हिमोग्लोबिन, स्मरणशक्ती, आधीचे आजारही धरतात, ते उगाच नाही. शिवाय रात्रभर लक्ष ठेवायला आयसीयूत नेलेली आजी वेगळी, व्हेंटिलेटरवरची वेगळी. लेखात दोघी एकाच हिशोबात!

मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन किती लवकर करावं हे पाहणाऱ्या २०२० च्या ‘हिप अटॅक’ चाचणीत ते २४ ऐवजी सुमारे ६ तासांत केलं, तरी मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही; पण भ्रम (आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) कमी झाला, पेशंट लवकर उभे राहिले. आपल्याकडे ‘मुलगा येऊ दे, मग ठरवू’ म्हणत तीन-चार दिवस जातात. तोवर आजी उताणी, छातीत कफ घुरघुरतोय.

आणि हो, चष्मा, कानाचं मशीन घरी कपाटात ठेवू नका. सिस्टरना विचारा, बहुतेक ठिकाणी आत देतात. नाहीतर दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि नातेवाईक म्हणतात आजी भ्रमिष्ट झाली.