ते पाकीट उघडा एकदाचं!

सोमवारपासून ऊठसूट तुमच्या मालिकेचा तोच प्रोमो. नायिका पिवळं पाकीट फोडते, मुलगी तिचीच की नाही हे सांगणारा आतला डीएनए रिपोर्ट वाचते आणि त्या कपटी जावेच्या खाडकन कानाखाली वाजवते. 'येत्या रविवारी, एक तासाचा महाएपिसोड, अखेर सत्य समोर येणार!' शहात्तर वर्षांच्या माझ्या आईने दुपारीच भाजी निवडून ठेवली, सातच्या आत कुकर उतरवला आणि मावशीला बजावून सांगितलं, आठपर्यंत फोन करू नकोस गं बाई.

आणि दाखवलंत काय?

कुरिअरवाला आला. पाकीट नायिकेच्या हातात पडलं सात वाजून नऊ मिनिटांनी. टीव्हीच्या वरच घड्याळ आहे, मी बघत होते. मग सासूचा चेहरा, सासऱ्यांचा, दोन्ही दिरांचे, आत्याबाईंचा, दारात उभ्या शेजारणीचासुद्धा. प्रत्येक चेहरा तीन-तीनदा, दर वेळी वीज कडाडल्याचा आवाज. एक फेरी झाली की जाहिराती, जाहिराती संपल्या की तोच सीन पुन्हा थोडा मागून. पाकिटाच्या कडेला तिचं नख लागलं तेव्हा साडेसात वाजले होते! आई पुढे सरकून बसली. पाकीट फाटलं, कागद बाहेर आला, थोबाडीत बसली आणि नायिका दचकून पलंगावर उठून बसली. स्वप्न! आठवडाभर प्रोमोत जे दाखवून आम्हाला बोलावलंत ते स्वप्न! खरं पाकीट देवघरात चौरंगाखाली, जसंच्या तसं चिकटवलेलं. मग वारा सुटला, समई विझली, लाइट गेले, लाइट आले, पाकीट गायब. 'पुढील भागात...'

ही फसवणूक आहे. प्रोमोत दाखवलेली थोबाडीत स्वप्नातली आहे हे बनवणाऱ्यांना माहीत होतं, तरी आठ दिवस तेच दाखवत राहिलात.

आणि हे काही पहिल्यांदा नाही. याच मालिकेत धाकटी सून गेल्या दिवाळीच्या आधीपासून गरोदर आहे. गणपती येऊन गेले, बाळ नाही. मधल्या काळात तिचा नवराच बदलला, म्हणजे नट बदलला, आणि घरात कुणी हूं की चूं केलं नाही. यांच्या घरात बायका पैठणी नेसून झोपतात, कानातले झुमकेसुद्धा काढत नाहीत. एका फोनवर मिटेल ती भानगड दोन महिने चालते, कारण सांगायला आलेला माणूस दारातच 'जाऊ दे' म्हणून परत फिरतो. मुख्य नायिका म्हणे कंपनीची मालकीण. ऑफिसात ती एक कागद वाचताना दिसली असेल तर शपथ!

भाषेबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार. 'माझी मदत कर.' 'यात माझी काय चुकी?' अरे, मला मदत कर म्हणतात मराठीत, आणि चूक असते ती, चुकी नाही. माझी भाची आता घरातही 'माझी चुकी नाही' म्हणते. हे तिला शाळेने नाही शिकवलं.

मराठीत असंच असतं, असं मला कुणी सांगू नये. 1999 साली अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, 'आभाळमाया' सुरू झाली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापक होती आणि ती प्राध्यापक वाटायची. त्याच काळात प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' होती, भरलेलं एकत्र कुटुंब, आणि तिथली माणसं आपल्या घरातल्यासारखी बोलायची. 2012 मध्ये घना-राधाची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा. गोष्ट संपली म्हणून मालिका संपली! लोक आजही प्रेमाने तिचं नाव काढतात.

आता गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती लोकांनी बघितली त्याचे, आकडे येतात आणि आकडा बरा असेल तर पाकीट उघडायचं नाही, असं ठरत असणार. कलाकारांवर माझा राग नाही. ती मुलं बारा-तेरा तास सेटवर उभी असतात, आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक नसते, सीन सकाळी हातात पडतो, हे तेच मुलाखतींत सांगतात. त्या नायिकेचं काम चांगलं आहे. कालही पाकीट हातात घेताना तिचे डोळे खरे भरून आले होते. एवढ्या चांगल्या नटीला तासभर नुसतं पाकीट धरून उभं करता, याचाच जास्त संताप येतो.

आईला साडेआठला साखरेची गोळी असते, त्याआधी जेवण. काल ताट वाढून झाकून ठेवलं होतं, ती उठेचना. नंतर काही दाखवतील म्हणून जाहिराती संपेपर्यंत बसून राहिली. जेवताना विचारत होती, "अगं, पण मग ती मुलगी तिचीच ना?" मी काय सांगणार?

गेली साडेतीन वर्षं, आठवड्याचे सहा दिवस ही बाई तुमची मालिका बघतेय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलात असताना मोबाइलवर लावून दिली होती मी, एकही भाग चुकवला नाही तिने. तिला एवढंच हवंय की त्या आईला तिची मुलगी मिळावी. आजच्या भागात पहिल्या पाच मिनिटांत पाकीट सापडू द्या आणि उघडा. स्वप्नात नको, जागेपणी उघडा.