गटारीची लाज आणि कोलोनचा नुब्बेल

आषाढ सरत आला की आमच्या ठाण्याच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच संदेश फिरतो : ‘गटारी’ म्हणू नका, ‘दीप अमावास्या’ म्हणा, आपलीच संस्कृती बदनाम करू नका. त्यावर नौपाड्याचे काका हात जोडतात, घोडबंदरचा चुलतभाऊ कोंबडीवड्यांचा फोटो टाकतो आणि मग दोन दिवस जुंपते. एका पक्षाला नाव बदलून हवे असते. दुसऱ्याला गटारी, हंडी, धुळवड आणि मिरवणुका सरसकट बंद करून हव्या असतात, कारण रस्ते अडतात आणि डीजेने घराच्या काचा थरथरतात. गेली अकरा वर्षे हा वाद मी जर्मनीतल्या कोलोन शहरात बसून वाचतो आहे आणि दोन्ही पक्षांशी माझे जमत नाही.

न जमण्याची सुरुवात वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंमुळे झाली. इथल्या पहिल्या गटारीला मी मटण शिजवले, वास जिन्यातून वर गेला आणि आज काय विशेष आहे, अशी त्यांनी चौकशी केली. उद्यापासून आमचा उपासतापासांचा महिना, त्यात मांस नाही, म्हणून आज खाऊन घ्यायचे, एवढे सांगताच त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुमचे फास्टेलोव्हेंट!’’ कोलोनच्या बोलीत कार्निव्हलला हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ उपवासाची पूर्वसंध्या. ‘कार्निव्हल’ हा शब्दही मांस दूर करणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांतून आला. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मध्ययुगीन युरोपात मांसच नव्हे, तर अंडी आणि लोणीही वर्ज्य असे. तेव्हा घरात असेल ते आधी संपवणे भागच होते. गोव्यात कार्निव्हलला इंत्रूज म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशीही उपवासकाळातला ‘प्रवेश’च आहे. मालक आणि गुलाम काही दिवस एकमेकांच्या जागा घेत त्या रोमन सॅटर्नेलियाशी कार्निव्हलचे नाते अनेकजण हौसेने जोडतात. पण तिथपासून सलग वंशावळ कुणाला सिद्ध करता आलेली नाही, आणि उपवासाचा पुरावा तर थेट शब्दातच आहे.

म्हणजे सण पोटापासून सुरू झाला आणि आजीबाईंना त्याची लाज वाटत नाही. कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासाच्या पहिल्या दिवशी, त्या चर्चमध्ये जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात आणि दुपारी मासे खातात. आदल्या रात्रीच्या बिअरने त्या राखेचा अपमान झाला, असे त्यांच्या मनातही येत नाही. धुळवडीला होळीची राख आपणही कपाळाला लावतोच. गटारीला नवे नाव देऊन श्रावण अधिक पवित्र कसा होतो, हे मला अजून कळलेले नाही.

मात्र कार्निव्हल म्हणजे केवळ खाणेपिणे, असेही नाही. कोलोनची आजची संघटित मिरवणूक 1823 पासूनची. 1794 मध्ये शहरात फ्रेंच फौजा आल्या, 1815 मध्ये ते प्रशियाकडे गेले, आणि शिस्तप्रिय प्रशियन राजवटीच्या नाकासमोर इथल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने समिती नेमून रस्त्यावरच्या जुन्या धांगडधिंग्याला रूप दिले. (सत्तर वर्षांनी, 1893 मध्ये, टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, परक्या राजवटीत लोकांना एकत्र येण्यासाठी सणाइतके सोयीचे निमित्त नसते.) कोलोनमध्ये 1823 मध्येच स्थापन झालेल्या ‘रोटे फुंकेन’ या पथकाचे लाल-पांढरे गणवेश शहराच्या जुन्या सैनिकांचे आहेत, पण खांद्यावरच्या लाकडी बंदुकीच्या तोंडात फुलांचा गुच्छ खोचलेला असतो. मी ते प्रथम पाहिले तेव्हा पोट सुटलेले, पांढऱ्या मिशांचे दोन गृहस्थ गंभीर चेहऱ्याने पाठीला पाठ लावून उभे राहिले, गुडघ्यांत वाकले आणि तालावर एकमेकांचे पार्श्वभाग घासू लागले. लष्करी कवायतीची याहून नेमकी टिंगल मी पाहिलेली नाही. सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीत पुढाऱ्यांचे कागदी लगद्याचे प्रचंड पुतळे असतात, आणि त्यातला एकही पुतळा त्या पुढाऱ्याला आवडावा म्हणून बनवलेला नसतो.

इथे सगळे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. 11 नोव्हेंबरला, अकरा वाजून अकरा मिनिटांनी, हंगामाचा प्रारंभ होतो आणि दुपारपर्यंत झ्युल्पिशर रस्त्यावर झिंगलेल्या तरुणांची एवढी गर्दी लोटते की रहिवासी आपल्या दारात मुतणाऱ्यांना कंटाळून त्या दिवशी शहराबाहेर निघून जातात. काचेच्या बाटल्यांवर बंदी घालावी लागते. 2015 मध्ये शार्ली एब्दो या फ्रेंच व्यंगसाप्ताहिकावरच्या हल्ल्यासंबंधीचा चित्ररथ समितीने आधी जाहीर केला आणि नंतर मागे घेतला, त्यावरूनही बरीच हमरीतुमरी झाली. तरीही मोकळीक कधी संपणार, याबद्दल कुणाचे दुमत नसते. बुधवार उजाडला की संपले.

आपल्याकडे हे कुंपण कायद्याने घालावे लागते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत, असा नियम आहे आणि तो कसा पाळला जातो हे ठाण्यात तलावपाळीच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. परंतु आमच्या ग्रुपवरच्या वादात आवाजाखेरीज एक गोष्ट कधीच येत नाही, आणि ती म्हणजे आपले सण आता कुणाला हसतात. ठाण्याच्या हंडीचे थर मला मनापासून आवडतात; 2012 मध्ये तिथेच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, तेव्हा मी पडद्यासमोर उभा राहून ओरडलो होतो. पण गोविंदा ज्या दोराकडे चढतो त्याच्या मागे इमारतीएवढा फलक असतो आणि त्यावर आयोजकाचा, त्याच्या साहेबांचा आणि साहेबांच्या साहेबांचा हात जोडलेला चेहरा असतो. वर चढणाऱ्या पोरांना त्याच्याकडे पाहून हसण्याची मुभा नाही.

कोलोनच्या कार्निव्हलची शेवटची रात्र मंगळवारची. आठवडाभर गुत्त्याच्या दारावर टांगलेला नुब्बेल नावाचा गवताचा माणूस खाली उतरवतात, खोटा पाद्री मेणबत्तीच्या उजेडात त्याच्यावरचे आरोप वाचतो, आणि पैसे कुणामुळे उडाले, नको त्याला मुका कुणामुळे दिला, असे विचारत जातो. प्रत्येक प्रश्नाला गर्दी एकच उत्तर देते : नुब्बेलमुळे! मग त्याला पेटवतात. माझ्या पहिल्या वर्षी त्या आगीपाशी उभे असताना माझा हात आपोआप तोंडाकडे गेला.

कारण चेंदणी कोळीवाड्याजवळच्या आमच्या चाळीत होळी पेटली की आम्ही पोरे नावे घेऊन बोंब ठोकत असू : दुधात पाणी घालणाऱ्या भय्याच्या नावाने, गणिताच्या मास्तरांच्या नावाने, आणि तीन दिवस नळाला पाणी नव्हते त्या वर्षी नगरसेवकाच्या नावाने. तो त्या वेळी नारळ वाहायला आलेला होता. त्याने नारळ खाली ठेवला, पालथा हात तोंडावर धरला आणि स्वतःच्याच नावाने आमच्याहून मोठ्याने बोंब मारली. पाणी तिसऱ्या दिवशी आले.